हाताची बधिरता आणि आपले कर्तव्य

धान्याच्या व्यापारात तूट दुकानात दिसते, पण पोते पुष्कळदा वाटेतच फाटलेले असते. हाताच्या बधिरतेचेही तसेच आहे. मुंग्या बोटांना येतात. मज्जातंतू मात्र कोपराशी किंवा त्याखालील स्नायूंत दबलेला असू शकतो. अशा वेळी बोटांना तेल चोळून ‘वय झाले’ म्हणणे हा उपाय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेगमबाजार व उस्मानगंज येथील पेढ्यांवर या दुखण्यास कारणे भरपूर आहेत. मुनीम दिवसभर कोपर टेकून बसतो; त्याची करंगळी व अनामिका बधिर होऊ लागते. हमाल मूठ आवळून, हाताला पीळ देऊन पोती ओढतो. त्याच्या अंगठ्याकडील बोटांत मुंग्या येतात. दोष मनगटात असल्यास रात्री झोपमोड होते, परंतु अंगठ्याच्या बुडाची त्वचा बहुधा शाबूत राहते. दोष कोपराखाली असल्यास तीही बधिर होऊ शकते. अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून गोल कडे करता येईना, तर विलंब करू नये.

मज्जातंतूचा वेग मोजणारी विजेची तपासणी उपयुक्त आहे. परंतु कोपराखालील काही प्रकारांत ती निर्दोष येते. म्हणून जाणत्या डॉक्टराने हात प्रत्यक्ष तपासणे अगत्याचे. मान, मधुमेह व थायरॉइड यांचाही विचार व्हावा. कोपरामागील मज्जातंतू जाड झाला असेल किंवा अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. लाजेने रोग लपवू नये.

सौम्य दुखणे कामात बदल, विश्रांती व रात्री कोपर सरळ ठेवणे एवढ्यानेही पुष्कळदा निवळते. हाताचे स्नायू झिजू लागले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तुटलेले तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढतात. 30 सेंटीमीटरचे अंतर कापण्यास दहा महिने लागतात. तोवर स्नायू कायमचा निकामी होण्याचे भय असते.

सबब सभासद बंधूंना माझी विनंती आहे : हमालांना कामे आलटून पालटून द्यावीत, मुनिमाच्या कोपराखाली मऊ गादी ठेवावी आणि तपासणीस जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी बुडण्याच्या भीतीनेच गरीब मनुष्य दुखणे अंगावर काढतो. त्याच्या हातावर आपली पेढी चालते. तो हात राखणे हे आपले कर्तव्यच होय.