खुंटाची निवड आणि पाण्याचा हिशेब

द्राक्षबागाइतदार कोणत्या जातीची लागण करावी याचा विचार महिनेच्या महिने करतो; परंतु ती जात ज्या खुंटावर उभी राहावयाची त्याची चौकशी मात्र रोपवाटिकेच्या दारांत घाईनें उरकतो. ही रीत आम्हांस नुकसानीची वाटते. वेलीस पाणी पुरवितें तें खुंटाचें मूळ, आणि बाग एकदां उभी राहिली म्हणजे ती मोडल्यावांचून खुंट बदलणें कठीण.

युरोपांत खुंटाची चाल पडली ती फायलोक्झेरा नांवाच्या किडीमुळें. 1860 नंतर तिनें फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हां अमेरिकेंतील रानवेलींच्या मुळांवर कलमें बांधून तेथील धंदा वांचविण्यांत आला. आपल्याकडे कारण निराळें. महाराष्ट्रांत पाणी अपुरें पडूं लागलें व जमिनी खारावल्या, म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीपासून डॉगरिज खुंटाचा प्रसार झाला. त्यानें कित्येक बागा जगविल्या, हें आम्हीं कृतज्ञतेनें मान्य करतों.

परंतु अवर्षणांत तगणें आणि पाणी कमी पिणें या दोन गोष्टी एक नव्हेत. डॉगरिज फार जोमदार आहे. हलक्या, मुरमाड जमिनींत हा त्याचा गुण होय. भारी काळ्या जमिनींत तोच जोम शेंड्यास चढतो, पानोरा दाट होतो व घड कमी सुटतात. जितकीं पानें अधिक, तितकें पाणी हवेंत उडून जातें. अशा ठिकाणीं 110 आर यासारख्या मध्यम जोमाच्या खुंटाचा विचार अवश्य करावा.

खुंटाचा गुण त्याच्या कुळांत पाहावा. नदीकांठच्या रिपारिया जातीचें मूळ उथळ. पाणी तुटतांच तिची वेल लवकर कोमेजते. टेक्ससच्या चुनखडीच्या टेकड्यांवरील बर्लांडिएरी जातीचा रुपेस्ट्रिसशीं संकर करून 110 आर निघाला, म्हणून तो कोरडें सोसतो. शिवाय माती सुकूं लागली कीं मुळें पानांस इशारा देतात व पानांचीं रंध्रें मिटूं लागतात. तीं केव्हां व किती मिटावींत, हेंही कांहीं अंशीं खुंटावर अवलंबून असतें.

तेव्हां शेजाऱ्यानें लाविला म्हणून आपणही तोच खुंट लावणें सोडावें. लागणीपूर्वीं माती व पाणी तपासून घ्यावें, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर विहिरींत किती पाणी उरतें तें मोजावें, आणि दोन ओळी तरी दुसऱ्या खुंटावर लावून पाणी व उत्पन्न यांची नोंद ठेवावी. विहीर आटल्यावर टँकरसाठीं धांवण्यापेक्षां हा हिशेब फार स्वस्त पडेल.