करमाफी म्हणजे मौनव्रत नव्हे!

“बोलू नका, विहाराची करमाफी जाईल,” असे सांगणाऱ्यांना कार्ल्याचा शिलालेख दाखवा. सुमारे १९०० वर्षांपूर्वी सातवाहन राजाने मावळच्या अमात्याला आज्ञा केली : भिक्षुसंघास दिलेल्या करजक गावात राजपुरुषांनी शिरू नये. मौनाची अट त्यात नाही.

आजचा कायदाही स्पष्ट आहे. विहार असो, चर्च असो वा देऊळ. १९८८ च्या कायद्याने धर्मसंस्थेची जागा व पैसा राजकीय कार्यास वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद. म्हणून लोणावळ्याच्या विहारात पक्षाचे व्यासपीठ उभारू देऊ नका. परंतु विहाराबाहेर नागरिक म्हणून बोलण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे. करमाफी ही संस्थेची सवलत; वाणी हा माणसाचा हक्क. सवलतीसाठी हक्क गहाण टाकू नका!