उंचीचे माप आणि झऱ्याचे मोल

शाळांना सुट्ट्या लागल्या की व्यापारी कुटुंबांतून प्रवासाचे बेत आखले जातात. अलीकडे या बेतांत स्वित्झर्लंडचे नाव अग्रभागी असते. जैन आहाराची व्यवस्था असलेल्या सहली निघू लागल्यापासून तेथे जाणे वडीलधाऱ्यांनाही सुकर झाले आहे. समुद्रकिनारा नसलेला हा लहानसा देश पर्वतांनी मात्र अतिशय संपन्न आहे. ड्युफूरश्पिट्से हे तेथील सर्वोच्च शिखर ४६३४ मीटर उंच असून मॅटरहॉर्नची उंची ४४७८ मीटर आहे. युंगफ्राउयोखचे रेल्वेस्थानक ३४५४ मीटर उंचीवर आहे आणि १९१२ पासून तेथे आगगाडी जाते.

युरोपातील सागरतट नसलेले सगळेच देश असे उत्तुंग नाहीत. चेक प्रजासत्ताकातील सर्वोच्च शिखर स्न्येझ्का १६०३ मीटरचे आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटरचे. हंगेरीचे केकेश जेमतेम १०१४ मीटर, तर लक्झेंबर्गमधील सर्वांत उंच स्थळ अवघे ५६० मीटर उंचीचे. तरीही तेथील लोक आपल्या टेकड्यांना कमी लेखत नाहीत. त्यांच्या पायवाटा आणि रानवाटा ते आस्थेने जपतात.

विदर्भालाही समुद्र नाही. त्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, गायखुरीच्या डोंगररांगांत नागझिऱ्याचे अरण्य पसरले आहे. उंच शिखरांच्या कोणत्याही यादीत या टेकड्यांचे नाव सापडणार नाही. परंतु येथील गावांची नावे पाहावीत : नागझिरा, पिटेझरी, मंगेझरी. पूर्वजांनी या डोंगरांची ओळख त्यांच्या माथ्यावरून ठरविली नाही, त्यांच्या पोटातून पाझरणाऱ्या पाण्यावरून ठरविली. स्वित्झर्लंडच्या पर्वतांत ऱ्हाइन आणि ऱ्होन या नद्या उगम पावून परदेशांना पाणी पुरवितात. त्याच न्यायाने या लहान टेकड्यांवरचे पावसाचे पाणी ओढ्यांतून तलावांत, चुलबंद आणि वैनगंगेत उतरते व पुढे गोदावरीस मिळते. कोहली समाजाने बांधलेले तलाव या पाण्यावरच भरले आणि त्या तलावांखाली धान पिकले. गोंदियातील भातगिरण्या व धान्याच्या पेढ्या ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्या हिशेबवहीत नागझिऱ्याचे नाव जमेच्या बाजूस असावयास हवे होते.

नागझिऱ्यास १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्रप्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी या अरण्यावर ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्लींनी नवेगावचे अनुभव शब्दबद्ध केले. मराठी वाचकांना हे रान अशा प्रकारे परिचित झाले असले, तरी त्याच्या अगदी जवळ राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी ते केवळ मोटारीच्या काचेतून पाहिलेले असते.

या मोटारीचा विषय येथे विशेष महत्त्वाचा आहे. नवेगाव आणि नागझिरा ही दोन रानखंडे सलग नाहीत. त्यांच्यामधून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. गोंदिया-कोहमारा रस्ताही रानातूनच जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक वाघ मृत्युमुखी पडला. वाघाची वार्ता छापून येते. रात्री चाकांखाली येणाऱ्या हरणांची, रानमांजरांची, सापांची आणि बेडकांची नोंद कोणी ठेवीत नाही.

जैन आचारात ईर्यासमिती सांगितली आहे. चार हात भूमी न्याहाळीत, जीव चुकवीत चालावे, असा तो मुनींचा नियम. श्रावकास तो त्याच काटेकोरपणे लागू नसला, तरी त्यामागील दृष्टी त्याचीही आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येची गणना आहे. निष्कारण भूमी उकरणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे, हेतूवाचून भटकणे, हे सारे त्यात येते. दहा मिनिटे लवकर पोहोचण्यासाठी रात्रीच्या वेळी रानातून भरधाव गाडी हाकणे, हे या प्रमादाहून निराळे काय आहे? सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून सूक्ष्म जीवांची काळजी घेणाऱ्या घरचा मालट्रक मध्यरात्री त्याच जिल्ह्यातील रान कसे ओलांडतो, याचीही चौकशी व्हावयास हवी.

जानेवारी २०२३ मध्ये सम्मेदशिखराच्या पावित्र्यासाठी देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला आणि केंद्र सरकारला तेथील पर्यटनविषयक हालचाली थांबवाव्या लागल्या. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या त्या पर्वताविषयीची ही भावना यथार्थच होती. पर्वत करमणुकीसाठी नाही, हे त्या वेळी समाजाने ठामपणे सांगितले. हा विचार एका पर्वतापुरताच मर्यादित राहिला, तर त्याचे बळ उणावेल. सालेकसा तालुक्यातील कचारगडची डोंगरगुंफा गोंड बांधवांना तितकीच पूज्य आहे. माघ पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. तेथे जाणाऱ्याने त्यांच्या श्रद्धेचाही तसाच मान राखावा.

पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील पर्यटन बंद असते. त्याच काळात साधुसाध्वी जीवरक्षणासाठी विहार थांबवून चातुर्मास करतात. मुलांना हे साम्य समजावून सांगण्यासाठी निराळ्या पाठशाळेची गरज नाही. आल्प्सची हिमशिखरे जरूर पाहावीत; परंतु त्यापूर्वी एखाद्या हिवाळ्यात मुलांना चोरखमारा किंवा पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात न्यावे. सोबतच्या खाद्यपदार्थांचे कागदही परत आणावेत. आणि पेढीवर एक साधा नियम लिहून ठेवावा : आपला माल वाहणाऱ्या प्रत्येक चालकाने रानाच्या टप्प्यात गती कमी ठेवावी, आणि त्यामुळे माल तासभर उशिरा पोहोचला तर त्याच्या भाड्यातून एक पैसाही कापला जाऊ नये.