पश्चात्ताप नको, नोंद हवी

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ नाका मागे पडला की डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात आणि पाठोपाठ गडब येते. पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगाने पसरलेली खारजमीन, पूर्वेला डोंगराच्या पायथ्याला विसावलेल्या वाड्या आणि मधून जाणारा, रुंदीकरणाच्या रखडपट्टीने वर्षानुवर्षे चर्चेत राहिलेला महामार्ग. गडबच्या ग्रामस्थाला ऑस्ट्रेलिया परिचित आहे तो क्रिकेटमुळे. परंतु या देशाशी या परिसराचे आणखी एक नाते आहे. भारतातील पोलाद उद्योगाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाचा फार मोठा वाटा ऑस्ट्रेलियातून येतो. ज्या देशाची खनिजसंपत्ती आपल्या भट्ट्या पेटवते, त्या देशाने जमिनीच्या मूळ धन्याला कसे वागविले, तेथील राज्यकर्त्यांना त्याविषयी काय वाटले आणि केव्हा वाटले, हा प्रश्न म्हणूनच पेण-रोह्याच्या पट्ट्याला परका ठरत नाही.

ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांचे राजकीय आत्मकथन २०१० मध्ये मार्गारेट सिमन्स यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर १९७५ ते मार्च १९८३ या काळात ते त्या देशाचे पंतप्रधान होते. स्वतः मोठे जमीनदार आणि उजव्या समजल्या जाणाऱ्या लिबरल पक्षाचे नेते. सत्ता गेल्यानंतरच्या तीन दशकांत मात्र हा गृहस्थ आपल्याच पक्षाचा कठोर टीकाकार बनला. निर्वासितांना मिळणारी वागणूक, आदिवासींची उपेक्षा, दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष, अशा प्रत्येक विषयावर ते निर्भीडपणे बोलत राहिले. आपला पक्ष मूळ उदारमतवादापासून दूर गेला अशी त्यांची तक्रार होती आणि २००९ च्या अखेरीस त्यांनी पक्षाचे सदस्यत्वही सोडले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा एकेकाळच्या कट्टर विरोधकांनीही त्यांना आदरांजली वाहिली.

या चिंतनाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि येथे एक प्रश्न उभा राहतो. फ्रेझर यांच्या कारकिर्दीतून आज टिकून काय आहे? सत्तेबाहेर आल्यावर त्यांनी केलेली भाषणे की सत्तेत असताना त्यांनी केलेला कायदा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९६६ साल गाठावे लागते.

त्या वर्षी २३ ऑगस्टला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशातील वेव्ह हिल या अवाढव्य गोठाणावरील सुमारे दोनशे गुरिंजी आदिवासींनी काम थांबविले आणि ते बायकामुलांसह बाहेर पडले. गोठाण ब्रिटनमधील व्हेस्टी या धनाढ्य घराण्याच्या ताब्यात होते. व्हिन्सेंट लिंगियारी हे या लोकांचे नेते. सुरुवातीला मजुरीचा वाटलेला हा संप लवकरच जमिनीचा लढा ठरला. आपल्या पूर्वजांच्या भूमीवर आपणच परके का, हा त्यांचा साधा सवाल होता. नऊ वर्षे ही माणसे हटली नाहीत. अखेर १६ ऑगस्ट १९७५ रोजी तत्कालीन पंतप्रधान गॉफ व्हिटलम तेथे गेले आणि त्यांनी मूठभर माती लिंगियारींच्या हातात ओतली. ते छायाचित्र जगभर गाजले. मात्र त्या दिवशी मिळाला तो भाडेपट्टा होता, मालकी हक्क नव्हे. त्यानंतर तीन महिन्यांत व्हिटलम यांचे सरकार बडतर्फ झाले आणि जमीन हक्काचे विधेयक तसेच राहून गेले.

व्हिटलम यांच्या जागी आलेले फ्रेझर हे त्यांचे कडवे प्रतिस्पर्धी. विरोधकाचे विधेयक केराच्या टोपलीत टाकण्याची नामी संधी त्यांच्यापाशी होती. त्यांनी तसे केले नाही. काही बदलांसह त्यांच्या सरकारने ते पुढे नेले आणि १९७६ मध्ये उत्तर प्रदेशापुरता आदिवासी जमीन हक्क कायदा संमत झाला. या कायद्याचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली, जमीन कोणा व्यक्तीच्या नावे न होता समाजाच्या न्यासाकडे कायमची गेली, त्यामुळे ती विकून टाकण्याचा किंवा बळकावण्याचा मार्ग बंद झाला. दुसरी, खनिजांचा शोध घेण्यापूर्वी त्या जमिनीच्या परंपरागत धन्यांची संमती घेणे बंधनकारक झाले. राष्ट्रहिताचा अपवाद ठेवला गेला, पण संमती हा नियम ठरला. आज त्या प्रदेशातील सुमारे निम्मी भूमी या कायद्यान्वये आदिवासींच्या मालकीची आहे.

फ्रेझर यांचीही दुसरी बाजू आहे. १९८० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील नूनकनबा येथे आदिवासींच्या श्रद्धास्थानाच्या परिसरात तेलासाठी विंधन करण्याचा हट्ट तेथील राज्य सरकारने धरला आणि पोलीस बंदोबस्तात यंत्रे तेथे नेली. केंद्राच्या हाती अधिकार असूनही फ्रेझर सरकारने राज्याला अडविले नाही. म्हणजे ज्या हाताने कायद्यावर स्वाक्षरीची वाट मोकळी केली, तोच हात कसोटीच्या क्षणी आखडला. पुढे कितीही भाषणे झाली तरी नूनकनबाची विंधन यंत्रे त्यामुळे मागे फिरली नाहीत.

यानंतरचा ऑस्ट्रेलियाचा प्रवासही हेच सांगतो. १९९२ मध्ये माबो खटल्यात सर्वोच्च न्यायपीठाने ही भूमी निर्मनुष्य होती हे वसाहतवाद्यांचे गृहीतक फेटाळले आणि पुढच्याच वर्षी त्यावर आधारित कायदा झाला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी, आईबापांपासून हिरावून नेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली. व्हिटलम आणि फ्रेझर, दोघेही माजी पंतप्रधान म्हणून तेथे उपस्थित होते. माफीने जखमेवर फुंकर घातली, यात शंका नाही. परंतु १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आदिवासींचे सल्लागार मंडळ संविधानात नमूद करावे की नाही यावर सार्वमत झाले, तेव्हा सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. सहाही राज्यांनी तो नाकारला. ज्या देशाने १९६७ च्या सार्वमतात आदिवासींच्या बाजूने नव्वद टक्क्यांहून अधिक कौल दिला होता, तोच हा देश. काहींना या प्रस्तावात वंशावरून नागरिकांची विभागणी दिसली, तर काहींना तो केवळ प्रतीकात्मक वाटला. आदिवासी नेत्यांतही एकमत नव्हते. या वादात कोणाची बाजू योग्य, हा निवाडा त्या देशाने करावा. पण हे मात्र स्पष्ट दिसते की, भावनेची लाट ओसरते, सार्वमताचा कौल फिरतो, माफीचे शब्द इतिहासजमा होतात. १९७६ च्या कायद्याने नोंदलेली जमीन मात्र जिच्या नावे झाली तिच्याच नावे राहते.

हा धडा रायगड जिल्ह्याला नवा नाही. २५ डिसेंबर १९३० रोजी पेण येथे कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. खोती पद्धतीत पिचलेल्या कुळांचे गाऱ्हाणे तेथे मांडले गेले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी आणि सुमारे पंचवीस गावांच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसण्याचा निर्धार पाळला. घरादाराची वाताहत झाली, लाकूडफाटा विकून दिवस काढावे लागले, पण संप फुटला नाही. गुरिंजींच्या संपाच्या तीन दशके आधी, आगरी कुळांनी दिलेला हा लढा जगाच्या इतिहासात त्याच तोलाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा विरोधात होते, तरी विधिमंडळात मिळालेल्या जागेचा उपयोग त्यांनी पहिल्याच वर्षी केला. पुढे १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन या टप्प्यांनी कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आले. चरीच्या संपाचे खरे स्मारक हीच ती नोंद होय.

याच मातीने सत्तेचा त्याग करून आपले म्हणणे मांडणारा नेताही पाहिला आहे. रोह्याशी घराण्याचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख पहिल्या लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. सत्ता गेल्यावर मत मांडणारे पुष्कळ असतात. मत मांडण्यासाठी सत्ता सोडणारा विरळा. अशीच आणखी एक आठवण अलीकडची. राज्याचे माजी सहकारमंत्री प्रा. एन. डी. पाटील यांची विचारसरणी वेगळी होती, परंतु महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध वृद्धापकाळात ते गावोगाव फिरले, ही गोष्ट कोणीही मान्य करील. या प्रकल्पाबाबत २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. जमीन द्यायची का, असे शेतकऱ्याला मतपत्रिकेवर विचारण्याची ही देशातील विरळा घटना. कौल कोणत्या बाजूचा होता याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. प्रकल्प पुढे बारगळला. पण त्या कौलाला कायद्याचे बळ नव्हते, ही उणीव तशीच राहिली. ऑस्ट्रेलियातील सार्वमत संविधानाने बंधनकारक असते. पेणचे मतदान मात्र शासनाच्या मर्जीवर अवलंबून होते.

आज हा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. अटल सेतू, नवी मुंबईचा विमानतळ यांच्या पाठोपाठ पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराचे नियोजन प्राधिकरण ऑक्टोबर २०२४ मध्ये नेमले गेले. विकासाला विरोध करणे हा शहाणपणा नव्हे. रस्ते हवेत, कारखाने हवेत, तरुणांच्या हाताला काम हवे. मात्र १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले आणि मगच विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्के परताव्याचे तत्त्व मान्य झाले, हे विसरता येणार नाही. जे तत्त्व पाच चिता पेटल्यावर न्याय्य ठरले, ते त्याआधी न्याय्य का नव्हते? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी सत्तर टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. मग पळवाटा न शोधता नियोजनाचा नकाशा मराठीतून ग्रामसभेपुढे ठेवावा, गट क्रमांकानिशी समजावून सांगावा आणि तेथील ठरावाला निर्णायक वजन द्यावे, ही अपेक्षा अवाजवी ठरत नाही.

याहूनही निकडीचा प्रश्न कातकरी बांधवांचा आहे. शेतकऱ्याच्या हाती निदान सातबारा आहे. कातकऱ्याच्या हाती तोही नाही. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. पावसाळा संपला की वीटभट्टीवर किंवा कोळसा भट्टीवर जायचे आणि परत येईपर्यंत आपले खोपटे जागेवर असेल की नाही याची धास्ती बाळगायची, हे त्यांचे जिणे. जमिनीचे भाव चढले की मालकाला वाडी अडचण वाटू लागते. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तिघांचा समावेश आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेने त्यांना पक्के घर देऊ केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण घर बांधायचे कोणाच्या जमिनीवर? पायाखालची जमीन नावावर नसेल तर भिंती पक्क्या करून काय साधणार? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. वाडीची मोजणी करावी, मूळ मालकाला रास्त मोबदला द्यावा आणि वाडी गावठाणात घेऊन घराखालची जागा कुटुंबाच्या नावे, विशेषतः घरच्या स्त्रीच्या नावे नोंदवावी. यासाठी नव्या क्रांतीची गरज नाही. तहसील कचेरीतील एका टेबलावरून फाइल पुढच्या टेबलावर जाण्याची गरज आहे.

समरसता, अंत्योदय, सामाजिक न्याय हे शब्द सभेत उच्चारणे सोपे असते. समाजातील शेवटच्या माणसाचे नाव दप्तरी चढले की नाही, यावरच त्यांची परीक्षा होते. ही जबाबदारी केवळ शासनाचीही नाही. वाडीची मोजणी होताना गावातील सुस्थितीतील शेतकरी कातकऱ्याच्या बाजूने पंच म्हणून उभा राहिला, तर चरीच्या संपाचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे गेला असे म्हणता येईल. काल ज्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, त्याने आज दुसऱ्याचे नाव चढविण्यास हातभार लावावा, यापरता मोठा सामाजिक न्याय कोणता?

राजकारणातून निवृत्त झालेल्यांची आत्मचरित्रे येत राहतील. त्यांत प्रांजळ कबुल्या असतील, राहून गेलेल्या कामांची हळहळ असेल. वाचकाने ती जरूर वाचावीत. मात्र आज ज्यांच्या हाती लेखणी आणि शिक्का आहे, त्यांनी फ्रेझर यांचे १९७६ साल आठवावे आणि १९८० सालही विसरू नये. निवृत्तीनंतरच्या पुस्तकात लिहायचे ते आजच महसुली दप्तरात लिहावे. रायगडच्या वाड्यांना आणि शेतकऱ्यांना उद्याचा पश्चात्ताप नको आहे. आजची नोंद हवी आहे.