पेनड्राइव्ह जोडला, पण नोंद कुठे झाली?

आजचा विषय नाव ऐकून जरा कोरडा वाटेल, पण तो तुमच्या-माझ्या घरातल्या फोटोंशी आणि कागदपत्रांशी थेट जोडलेला आहे. विषय आहे 'माउंट'.

फोनच्या सेटिंगमध्ये मेमरी कार्डाजवळ 'अनमाउंट' किंवा 'इजेक्ट' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. काँप्युटरच्या सुरुवातीच्या काळात डिस्कचे जडच्या जड संच उचलून यंत्रावर चढवावे लागत. ते चढवणं म्हणजे माउंट. १९७१ साली युनिक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून हा शब्द आदेश म्हणूनही रुजला. आज आपण बोटाएवढा पेनड्राइव्ह खोचतो, तरी आत काम तेच चालतं: बाहेरून आलेली साठवण काँप्युटरच्या फोल्डरांच्या झाडाला एका ठरावीक फांदीवर जोडायची.

यात जोखीम कुठे आहे? तुम्ही लग्नाचे फोटो कॉपी करता आणि पडद्यावर 'झालं' असं दिसतं. पण वेग वाढवण्यासाठी काँप्युटर बराच मजकूर आधी आपल्या मेमरीत ठेवतो आणि नंतर सवडीने पेनड्राइव्हवर लिहितो. लिनक्समध्ये असा मजकूर साधारण ३० सेकंद थांबून राहू शकतो. तेवढ्यात कुणी पेनड्राइव्ह ओढून काढला, तर फाइलचं नाव दिसतं, पण फोटो उघडत नाही. अनमाउंट केलं की राहिलेलं सगळं आधी लिहून होतं आणि मगच जोडणी सुटते. विंडोज १०ने २०१८च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी 'लगेच काढता येईल' ही पद्धत मूळ सेटिंग म्हणून ठेवली. तरीही कॉपी चालू असताना ओढणं धोक्याचंच.

चेन्नईत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०१५च्या पुरात इथे कितीतरी घरांत पाणी शिरलं आणि कपाटांतल्या फायली भिजल्या. दाखले, खरेदीखतं, जुने फोटो यांची एक प्रत डिजिटल असावी हे तेव्हा पटलं. पण ती प्रत अर्धवट लिहिली गेली असेल, तर ऐन वेळी तिचा उपयोग शून्य!

आता खरी गंमत. काय काय जोडलेलं आहे, हे काँप्युटर लक्षात कसं ठेवतो? सोसायटीच्या गेटवरची वही डोळ्यांसमोर आणा. आलेल्या प्रत्येकाची एक ओळ. युनिक्सच्या जगात बरीच वर्षं अशीच एक साधी फाइल होती. पण वही लिहिणारा वेगळा आणि गेट उघडणारा वेगळा असला, की दोघांचा मेळ बसेनासा होतो. पाहुणा निघून गेला तरी वहीत तो आतच! म्हणून लिनक्सने ही यादी थेट आपल्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, दाखवायला सुरुवात केली. यादी खरी झाली, पण तीन अडचणी राहिल्या.

पहिली, एकाची चौकशी करायची तरी अख्खी यादी वाचावी लागते. घरच्या लॅपटॉपवर पंचवीस-तीस ओळी असतील, त्याचं काही नाही. मोठ्या सर्व्हरवर मात्र एकेका ॲप्लिकेशनसाठी वेगळी खोली केलेली असते आणि जोडण्या हजारोंच्या घरात जातात. दुसरी, काही बदललं की कर्नल फक्त 'काहीतरी बदललंय' एवढंच कळवतो. काय बदललं ते शोधायला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा. वॉचमनने इंटरकॉमवर 'कुणीतरी आलंय' एवढंच सांगून फोन ठेवावा, तसं. तिसरी सगळ्यांत फसवी. एक जोडणी सुटली की तिचा क्रमांक नव्या जोडणीला मिळू शकतो. जुना भाडेकरू गेला, नवा आला, फ्लॅट नंबर तोच. पत्र मात्र चुकीच्या हातात.

यावर उपाय सुचवले गेले, वादही झाले. २०२०च्या सुमारास डेव्हिड हॉवेल्स यांनी एक मोठी, सर्वसमावेशक चौकशी-खिडकी मांडली होती. ती फार गुंतागुंतीची आहे म्हणून लिनस टॉरवाल्ड्स यांना पटली नाही. पुढे मिक्लोश सेरेडी यांनी दोन छोट्या खिडक्या बांधल्या आणि मार्च २०२४मध्ये लिनक्स ६.८ सोबत त्या आल्या. 'लिस्टमाउंट' फक्त क्रमांकांची यादी देते. 'स्टॅटमाउंट'ला एक क्रमांक आणि हवी तेवढीच माहिती सांगायची. ती तेवढंच उत्तर देते आणि कोणते रकाने भरले तेही सांगते. त्यामुळे उद्या नवा रकाना वाढला तरी जुने प्रोग्राम मोडत नाहीत. नवे क्रमांकही असे, की मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्याला मिळत नाही. मग मे २०२५मध्ये लिनक्स ६.१५ आलं आणि 'ही जोडणी लागली', 'ही सुटली' अशी नेमकी वर्दी मिळण्याची सोय झाली. वॉचमन आता नावासकट सांगतो!

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय? तर या गोष्टीचा एक धागा चेन्नईतून जातो. ज्या सी-डॅकची स्थापना १९८८ साली आपल्या पुण्यात झाली, तिच्या चेन्नई केंद्राने 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. २००७ साली ती आली. मराठी, तमिळसह अनेक भारतीय भाषांत ती वापरता येते आणि शाळांसाठी तिची 'एज्यु-बॉस' ही आवृत्तीही आहे. ती डेबियन या जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रणालीवर उभी आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ६.१२ क्रमांकाचं कर्नल आहे. म्हणजे चौकशीच्या दोन्ही खिडक्या तिथे पोचल्या, नेमकी वर्दी अजून यायची आहे. कर्नलमधली सुधारणा अशी एकेक पायरी उतरत सरकारी कचेरीतल्या टेबलापर्यंत येते.

यातून घरापुरतं काय घ्यायचं? कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' दाबा आणि 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप येईपर्यंत थांबा. 'डिव्हाइस वापरात आहे' असं आलं तर चिडून ओढू नका. कुठला तरी प्रोग्राम आतली फाइल धरून बसलाय. तो बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. फोनचं कार्ड काढण्याआधी सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन अनमाउंट करा. महत्त्वाचे कागद असतील तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा आणि दोन-चार फायली उघडून बघा. घरातल्या आजी-आजोबांनाही एकदा हे करून दाखवा; त्यांच्याकडचे फोटो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाकडेच नसतात.

भेटूया पुढच्या लेखात. तोवर इजेक्ट दाबायला विसरू नका!