जुनी गाडी, रिकामा खिसा
कोपरखैरण्यात माझ्या शेजारी अनेकांची रोजीरोटी जुन्या डिझेल गाडीवर चालते. धूर थांबायलाच हवा. तो आमच्याच मुलांच्या छातीत जातो. पण त्याची किंमत कोणी मोजायची? १५ वर्षे झालेल्या खासगी डिझेल मोटारीला राज्याचा पर्यावरण कर आहेच. एप्रिल २०२२ पासून पुनर्नोंदणीचे शुल्कही ६०० वरून ५,००० रुपये झाले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने मुंबई महानगरातून पेट्रोल-डिझेल गाड्या हटवता येतील का, हे तपासायला समिती नेमली. लंडनने जुन्या गाडीवर दिवसाला साडेबारा पौंड लावले, पण ती भंगारात देणाऱ्या रहिवाशाला २,००० पौंडांपर्यंत रोख मदतही दिली. आपल्याकडे सवलत मिळते ती नव्या गाडीच्या करात. ज्याची नवी घ्यायची ऐपतच नाही, त्याला तिचा काय उपयोग? सरकारने आधी रोख मदत जाहीर करावी, बंदीची तारीख नंतर.