वेल्डिंग नको, एलएसडी हवं!

सुरुवातीलाच सांगून टाकते, या लेखातलं एलएसडी म्हणजे ते नव्हे! हे 'लिमिटेड स्लिप डिफरन्शियल'. (रेक्टर सरांनी कृपया पान उलटू नये, पुढे वाचावं.) आणि दुसरं म्हणजे माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ असतील तर मराठी विभागाच्या संपादकांनी ते निस्तरावेत.

तर मंडळी, मुद्दा असा. बॉईज हॉस्टेलच्या मागे ताडपत्रीखाली एक कॉन्टेसा उभी असते, ती सगळ्यांना माहीत आहे. मालक थर्ड इयरचा, गाडी आजोबांची. सध्या मेसमध्ये चर्चा चालू आहे की फेस्टच्या आधी तिचं मागचं डिफरन्शियल वेल्ड करून टाकायचं. म्हणजे दोन्ही चाकं एकदम फिरणार, धूर निघणार, ड्रिफ्टिंग होणार, आणि गर्ल्स हॉस्टेल गॅलरीत येऊन टाळ्या वाजवणार. वर्गणीही निघाली म्हणे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे करू नका. करायचंच तर खरं एलएसडी बसवा, आणि ते जमत नसेल तर आहे ते साधं ओपन डिफरन्शियल तसंच राहू द्या.

कारण हीच गाडी सुट्टी लागली की चार-पाच जणांना कोंबून आंबा घाटातून रत्नागिरीला उतरते. त्यात मीही एकदा होते.

आता जरा टॉमच्या ओरलसारखं बोलू. मागच्या दोन चाकांतलं अंतर साधारण १.४ मीटर धरा. गाडीने पूर्ण यू-टर्न घेतला तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा किती जास्त चालतं? पाय गुणिले १.४, म्हणजे जवळजवळ ४.४ मीटर. गंमत म्हणजे वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. हा फरक पचवायला डिफरन्शियल लागतं. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ मध्येच वाफेच्या गाडीसाठी ते पेटंट केलं होतं. वेल्डिंग केलं की हे ४.४ मीटर जाणार कुठे? टायर रस्त्यावर घासणार, आणि उरलेला पीळ हाफ शाफ्टमध्ये बसणार. एकदा नाही, प्रत्येक वळणाला. 'फटीग' या विषयावर आपण दहा मार्कांची उत्तरं पाठ करतो, ती याचीच. बऱ्याच जुन्या अ‍ॅक्सलमध्ये चाक शाफ्टवरच पेललेलं असतं, तिथे शाफ्ट तुटला की चाकच बाहेर येऊ शकतं. शिवाय आतले स्पायडर गिअर कठीण केलेल्या स्टीलचे. त्यावर नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने ओढलेला टाका आज ना उद्या तडकतो, आणि तुकडा क्राउन-पिनियनच्या दातांत गेला तर गाडी चालता चालता मागून जाम.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळा आहे. ओपन डिफरन्शियलची आपण फार बदनामी करतो. ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. एक चाक चिखलात असेल आणि ते १०० न्यूटन-मीटरच पेलू शकत असेल, तर कोरड्यावरच्या चाकालाही १००च मिळणार. म्हणून गाडी चिखलात नुसती भुर्रर्र करत बसते. हे खरंच आहे. पण ओल्या घाटात हाच दोष जीव वाचवतो! वळणावर जास्त अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर फक्त आतलं चाक घसरतं, बाहेरचं चाक मात्र गाडीचा मागचा भाग रस्त्याला धरून ठेवतं. वेल्ड केलेल्या गाडीत दोन्ही चाकं एकदमच पकड सोडतात, आणि मग शेपूट दरीकडे. ड्रिफ्टिंग म्हणतात ते हेच. मैदानावर मजा, आंबा घाटात जुलैमध्ये नाही.

मग एलएसडी काय करतं? मधला मार्ग काढतं. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांची मागची चाकं अफाट ताकदीमुळे जागच्या जागी फिरत, म्हणून जर्मनीतल्या झेडएफ कंपनीने त्यांच्यासाठी असं डिफरन्शियल बनवलं. रस्त्यावरच्या गाडीत अमेरिकेच्या पॅकार्डने ते १९५६ मध्ये दिलं. मुख्य प्रकार दोन. पहिला प्लेटवाला. आत क्लचसारख्या चकत्या असतात. टॉर्क वाढला की उतरत्या खाचांमुळे त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही बाजू थोड्याफार बांधल्या जातात. खाचांचा कोन बदलून ते फक्त अ‍ॅक्सिलरेटरवर काम करेल की सोडल्यावरही, हे ठरवता येतं. दुसरा गिअरवाला, टॉर्सन किंवा क्वाइफ. त्यात चकत्याच नाहीत, तिरप्या दातांच्या गिअरचं घर्षणच काम करतं. त्याचा बायस रेशो ३ असेल तर चिखलातल्या चाकाच्या १०० न्यूटन-मीटरला कोरड्या चाकाला ३०० मिळू शकतात. एकूण २०० च्या जागी ४००! पण एक चाक हवेतच असेल तर शून्य गुणिले तीन बरोबर शून्य, तिथे प्लेटवाल्याचा आधीपासून दिलेला दाब कामी येतो. रस्त्यावरच्या गाडीला माझं मत गिअरवाल्याला. ते झिजत नाही म्हटलं तरी चालेल आणि साध्या गिअर ऑइलवर भागतं. प्लेटवाल्याला मात्र खास फ्रिक्शन मॉडिफायर घातलेलं ऑइल लागतं, नाहीतर पार्किंगमध्ये वळताना मागून कडकड आवाज.

जर्मनीत हे किती सोपं आहे बघा. बीएमडब्ल्यूची ई-थर्टी ही १९८२ ची मालिका. तिला कंपनीकडूनच २५ टक्के लॉकवालं एलएसडी मिळायचं. डिफरन्शियलवरच्या पट्टीवर रेशोच्या आधी 'एस' अक्षर असलं की समजायचं, हे तेच. आणि ते चॅसिसला बोल्टने टांगलेलं असतं, म्हणून भंगारातून योग्य मापाचं आणि रेशोचं अख्खं युनिट आणून बदलता येतं. आपली कॉन्टेसा तशी नाही. ती व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्सवर बेतलेली, उत्तरपाड्याला १९८४ ते २००२ पर्यंत बनलेली, मागे सॉलिड अ‍ॅक्सल. क्राउन, पिनियन, सगळं हौसिंगच्या पोटात. त्यात नवीन केज घालायची म्हणजे क्राउन काढून तिच्यावर बसवायचा, साइड बेअरिंगना शिम घालायचे, बॅकलॅश मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात आणायचा, दातांना निळं लावून ठसा बघायचा. ठसा दाताच्या कडेला आला की परत सगळं खोला. या कामाला वर्कशॉपचे आपले काका पाहिजेत, ज्यांना आपण जर्नलवर सही घेण्यापुरतं ओळखतो.

आता कोणी म्हणेल, पैसे कुठून आणायचे? परदेशातून गिअरवालं युनिट मागवलं तर कस्टम्ससकट लाखाच्या घरात जाईल, आणि तेही कॉन्टेसाच्या मापाचं मला कुठे दिसलं नाही. मग आपण मेकॅनिकलवाले कशाला आहोत? दरवर्षी बीईची प्रोजेक्ट्स बघा. तोच सोलर कुकर, तोच पेडलवरचा पंप, रिपोर्ट मागच्या बॅचचा, फक्त कव्हर नवीन. त्यापेक्षा या गाडीच्या हौसिंगची मापं घ्या. बेअरिंगचा व्यास, क्राउनच्या बोल्टचं सर्कल, हाफ शाफ्टचे स्प्लाइन. त्यावर प्लेटवाल्या एलएसडीची केज डिझाइन करा, चकत्या बाइकच्या क्लचच्या चालतात का ते गणित करून दाखवा, टेस्ट रिगवर टॉर्क मोजा. गिअरवालं बनवणं आपल्या वर्कशॉपच्या आवाक्यात नाही, प्लेटवालं असू शकेल. आणि ते रिगवर पास होईपर्यंत गाडीत बसवायचं नाही, ही अट गाइड सरांनीच घालावी.

तोपर्यंत त्या वर्गणीचं काय? माझ्या मते मागचे दोन टायर. मी पाहिले आहेत, ते गुळगुळीत झालेत. मग शॉक अब्सॉर्बर, मग सस्पेन्शनचे रबर बुश. इंजिनची ताकद ९० हॉर्सपॉवरच्या आतच आहे हो, चांगल्या टायरवर ती दोन चाकांना सहज पेलते. आणि फेस्टला धूरच हवा असेल तर एका चाकाचा धूर काही कमी नसतो!

मालकाशी माझं बोलणं झालं आहे. तो 'बघू' म्हणाला. वेल्डिंगवाल्याकडे गाडी रविवारी जायची आहे. हा अंक शुक्रवारी हातात पडेल असं संपादक म्हणतात.